घरी जायची तारीख

इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये सम्राट ऑगस्टस वारला आणि पुढच्या काही आठवड्यांत रोमच्या सरहद्दीवरच्या पलटणी बिघडल्या. डॅन्यूबकडच्या पॅनोनिया प्रांतात तीन, ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला चार. टॅसिटसने ‘ॲनल्स’च्या पहिल्याच खंडात या बंडाची हकिगत दिली आहे. सेनापती जर्मॅनिकस समजूत घालायला छावणीत आला, तेव्हा काही जुन्या शिपायांनी हाताचे चुंबन घेण्याच्या मिषाने त्याचा हात धरला आणि त्याची बोटे आपल्या तोंडात घातली. तोंडात दात उरले नाहीत हे त्याला हिरड्या चाचपूनच कळावे म्हणून. कोणी म्हातारपणाने वाकलेले हातपाय पुढे करून दाखवत होते. नोकरी वीस वर्षांची ठरलेली, पण तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे खपलेले लोक त्या गर्दीत होते. ज्यांची मुदत कागदोपत्री संपली होती त्यांनाही वेगळ्या निशाणाखाली छावणीतच ठेवून घेतले जाई, आणि नाव बदलले तरी काम तेच राही. इतके करून सुटका झालीच, तर पदरात पडणारी जमीन म्हणजे एखादी दलदल नाहीतर डोंगरातली पड, अशी त्यांची तक्रार होती.

शिपायांना असे डांबून ठेवण्यामागे युद्धाची निकड थोडी होती, खजिन्याची अडचण जास्त होती. सुटणाऱ्या शिपायाला १२ हजार सेस्टर्स द्यायचे ठरले होते. त्यासाठी इ.स. ६ मध्ये ऑगस्टसने स्वतंत्र लष्करी कोष उघडला आणि त्यात वारसा हक्कावरचा ५ टक्के आणि लिलावावरचा १ टक्का कर लावून दिला. सधन रोमनांना हे कर सलत होते. शिपाई एक वर्ष जास्त राबवला की त्याची रक्कम एक वर्ष पुढे ढकलली जाते, हा हिशेब समजायला कोणी अर्थशास्त्री लागत नाही. जर्मॅनिकसने बंड शमवायला नवा सम्राट टायबेरियस याच्या नावाचे बनावट पत्र दाखवून वीस वर्षांनी पूर्ण सुटका आणि सोळा वर्षांनी अर्धी सुटका कबूल केली. पुढच्याच वर्षी लोकांनी लिलावावरचा कर रद्द करण्याची मागणी केली. तेव्हा टायबेरियसने सांगितले की लष्करी कोष या करावरच चालतो, आणि शिपायांना वीस वर्षांच्या आत सोडले तर राज्याला तो भार पेलणार नाही. सोळा वर्षांची सवलत गेली. बाजारातला कर आणि शिपायाच्या आयुष्यातली चार वर्षे यांचा निकाल एकाच फर्मानात लागला, आणि टॅसिटसने तो सहज ओघात नोंदवला आहे.

मुदत संपल्यावरही फौजेत अडकवून ठेवलेला सैनिक आणि युद्धावरून घरी परतणारा सैनिक हे दोन विषय सहसा वेगवेगळे मांडले जातात. पहिला कायद्याच्या आणि मनुष्यबळाच्या खात्यात जातो, दुसरा डॉक्टरांच्या. माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही मिळून एकच विषय होतो. परतलेल्या सैनिकाचे दुखणे आपण रणांगणावर पाहिलेल्या मरणात शोधतो. तिथे ते असतेच, पण त्याचा एक मोठा भाग मोडलेल्या शब्दात असतो, आणि तो शब्द शत्रूने मोडलेला नसतो. घरी जायची तारीख कोणाच्या हातात होती, ती कोणी आणि कशासाठी पुढे सारली आणि त्याची किंमत कोणी भरली, यावर माणूस कसा परततो हे बरेचसे ठरते. सरकारे ही तारीख पुढे सारतात त्याचे कारण बहुतेक वेळा टायबेरियसच्याच कारणाच्या जातीचे असते. नवी माणसे किंवा नवा पैसा मागायचा तर नागरिकांपुढे जावे लागते, आणि आत असलेल्या माणसाला थांबवायला एक हुकूम पुरतो.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. साताऱ्या-सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरे फौजेत शिरण्यासाठी धावतात, आणि पेन्शन घेऊन आलेल्या सुभेदाराला गावात मान असतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा देशभर उसळलेला संताप तर नेमका उलटा होता. चार वर्षांनी घरी पाठवणार आणि फार तर २५ टक्के ठेवणार, ही त्यातली तक्रार. मग जास्त दिवस ठेवून घेतले म्हणून रडणाऱ्यांचे दुःख आपण का समजून घ्यावे? पण दोन्ही तक्रारींच्या मुळाशी करारातली मुदत आहे, आणि ती एकाच पक्षाने ठरवली किंवा बदलली आहे. शिवाय मुंबईने १९४६ च्या फेब्रुवारीत या विषयाचा एक अंक स्वतःच्या रस्त्यांवर पाहिलेला आहे. त्याकडे जाण्याआधी थोडे अमेरिकेत डोकावावे लागेल, कारण मुदतवाढीचा सर्वांत सलग आणि कागदोपत्री इतिहास तिथलाच आहे.

सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने शांततेच्या काळात पहिल्यांदाच सक्तीची भरती केली. मुदत बारा महिने. वर्ष भरत आले तसे युरोप जवळजवळ हिटलरच्या घशात गेले होते, आणि शिकवून तयार केलेली फौज घरी पाठवायची म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. छावण्यांच्या भिंतींवर, गाड्यांवर खडूने चार इंग्रजी अक्षरे दिसू लागली : ‘ओहायो’. ते राज्याचे नाव नव्हते. ऑक्टोबर आला की आम्ही पळून जाणार, अशी धमकी त्या आद्याक्षरांत होती. १२ ऑगस्ट १९४१ रोजी प्रतिनिधिगृहाने आणखी अठरा महिन्यांची मुदतवाढ २०३ विरुद्ध २०२ मतांनी, म्हणजे एका मताने मंजूर केली. चार महिन्यांच्या आत पर्ल हार्बर झाले. मुदतवाढीच्या बाजूने याहून बळकट पुरावा सापडणार नाही, आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. राज्यावर अशी वेळ येऊ शकते. मात्र तेव्हा काय केले गेले तेही पाहावे. प्रश्न संसदेत उघड्यावर मांडला गेला. मत देणाऱ्या प्रत्येकाला आपल्या मतदारसंघात जाऊन तोंड दाखवावे लागणार होते. वर्षापलीकडच्या सेवेसाठी पगारात महिना १० डॉलरची भर कायद्यातच घातली गेली. ऑक्टोबर आला आणि गेला, पण मोठ्या संख्येने कोणी पळाले नाही.

त्याच देशाने १९४५ साली घरवापसीचा जो नियम केला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सेवेच्या प्रत्येक महिन्याला एक गुण, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी एक, मोहिमेच्या ताऱ्याला किंवा पदकाला पाच, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे बारा, पण तीन मुलांपर्यंतच. ८५ गुण झाले की सुटका. हे गुण कोणा सचिवाने टेबलावर बसून ठरवले नव्हते. सॅम्युएल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाच्या संशोधन विभागाने सैनिकांनाच विचारले होते की आधी कोणी घरी जावे असे तुम्हाला वाटते. शिपायाला आपला नंबर कुठे आहे हे बोटांवर मोजता येत होते, आणि आपल्या आधी जाणारा का जातो हेही कळत होते. ४ जानेवारी १९४६ रोजी युद्धखात्याने सुटकेचा वेग महिन्याला आठ लाखांवरून तीन लाखांवर आणण्याचे जाहीर केले, तेव्हा मनिलापासून फ्रँकफुर्टपर्यंत सैनिक रस्त्यावर आले. युद्ध जिंकलेली, पोटभर जेवणारी फौज मोर्चे काढत होती. तिला मरणाचे भय उरलेले नव्हते. हातात दिलेला हिशेब मागे घेतला गेला, एवढेच घडले होते.

त्याच महिन्यात कराचीजवळच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या माणसांनी काम थांबवले, आणि बघता बघता हिंदुस्थान, सिलोन, सिंगापूरपर्यंत सुमारे साठ ठाण्यांवरचे पन्नास हजार लोक त्यांत सामील झाले. जपान हरून पाच महिने झाले, आम्ही अजून इथे कशासाठी, हा त्यांचा सवाल. हे संप हिंदी नौसैनिकांनी पाहिले होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावर जे पेटले त्याची आठवण आपण स्वातंत्र्यलढ्याचा एक अध्याय म्हणून ठेवतो, आणि ते योग्यच आहे. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून हिंदी फौजा मागे घेणे या मागण्या राजकीयच होत्या. पण त्याच यादीत निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांच्या शेजारी आणखी एक मागणी होती, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते : लवकर सुटका, आणि सुटल्यावर नोकरीधंद्याची सोय. युद्धकाळात दहापटीहून अधिक फुगवलेल्या त्या आरमारातल्या पोरांना भरतीच्या वेळी पुष्कळ काही दाखवले गेले होते. नुसते ‘सोडा’ एवढे त्यांचे म्हणणे नव्हते, तोंडाला पाने पुसून पाठवू नका असे होते. ७८ जहाजे, २० किनारी तळ, सुमारे वीस हजार नौसैनिक आणि त्यांच्या बाजूने उतरलेली गिरणगावची मुंबई. गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक गेले. ४७६ जणांना आरमारातून काढून टाकले, आणि स्वातंत्र्यानंतर भारताने किंवा पाकिस्तानने त्यांना परत घेतले नाही. सैनिकाच्या परतण्यात राज्य बदलले तरी काय बदलत नाही, याचा हा आपल्या दारातला दाखला आहे.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो भक्कम आहे. तारीख नक्की असली की सगळे ठीक होते, असे असेल तर व्हिएतनामचे काय? तिथे अमेरिकन शिपायाला तारीख पहिल्या दिवशीच सांगितलेली असे. बारा महिने, मरीनना तेरा. शिपाई एखाद्या चित्राचे चौकोन पाडत आणि रोज एक चौकोन रंगवत. शेवटचे काही चौकोन उरलेल्या माणसाला गस्तीवर न्यायला सोबतीही नाखूश असत, कारण त्याचे लक्ष निघून गेलेले असे. प्रत्येकाची तारीख वेगळी, त्यामुळे तुकडीत सतत कोणी येतोय, कोणी जातोय. ओळख पटेपर्यंत माणूस विमानात. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक बोटीच्या डेकवर कित्येक दिवस आपल्यासारख्याच सैनिकांबरोबर बसून, पत्ते कुटत, बोलत-भांडत घरी आले. व्हिएतनामचा शिपाई भातखाचरातून निघाला की दोन दिवसांत एकटाच आईच्या स्वयंपाकघरात. त्या पिढीचे परतणे किती बिघडले ते जगजाहीर आहे. म्हणजे तारीख पाळणे पुरेसे नाही, हे मान्यच केले पाहिजे. कोणाबरोबर परततो यालाही तितकेच मोल आहे. अमेरिकन लष्कराने यातून धडा घेतला की माणसे सुटी-सुटी फिरवायची नाहीत, तुकडी एकत्र न्यायची आणि एकत्र आणायची. धडा बरोबर होता. पण तो अमलात आणण्याचा खर्च कोणावर टाकायचा, हे त्या धड्यात आपोआप ठरत नव्हते, आणि पुढची सारी गोष्ट तिथेच बिघडली.

१९७३ साली सक्तीची भरती बंद झाली. पुढे कायद्यात अशी तरतूद आली की राखीव दले बोलावलेली असताना राष्ट्राध्यक्षाला निवृत्तीचे आणि सुटकेचे नियम स्थगित ठेवता येतील. १९९०च्या आखाती युद्धात ती पहिल्यांदा वापरली, आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर ‘स्टॉप-लॉस’ या नावाने ती घरोघरी माहीत झाली. तुकडी इराकला निघण्याआधी ९० दिवस दार बंद व्हायचे आणि परतल्यानंतर ९० दिवसांनी उघडायचे. मधल्या काळात ज्याची मुदत संपेल तो आतच. त्यात २००७ साली मोहीमच बारा महिन्यांवरून पंधरा महिन्यांची केली. २००२ पासून २००८ पर्यंत एकट्या भूदलात ५८ हजारांहून अधिक जण यात अडकले. ऑरिगॉनच्या नॅशनल गार्डमधल्या एका सार्जंटची आठ वर्षे जून २००४ मध्ये भरत होती. ती भरायच्या काही आठवडे आधी त्याला थांबवले गेले, आणि नोंदीत त्याच्या सुटकेची नवी तारीख पडली ती डिसेंबर २०३१ची. लष्कराने सांगितले की ही केवळ संगणकाची सोय आहे, तो तेवढा काळ राहणार नाही. असेलही. पण अठराव्या वर्षी सही केलेल्या माणसाच्या हाती सत्तावीस वर्षे पुढची तारीख देऊन तिला सोय म्हणायचे, यात एक बेफिकिरी आहे, आणि ती त्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. तो न्यायालयात गेला आणि हरला. इतरही असेच हरले.

न्यायालयांचे चुकले असे मी म्हणणार नाही. भरतीच्या छापील करारातच लिहिलेले असते की युद्ध असल्यास सेवा युद्ध संपून सहा महिने होईपर्यंत चालू राहील, आणि कायदे बदलले तर ते सही करणाऱ्याला लागू होतील. एकूण बांधिलकीही आठ वर्षांची असते. चार वर्षे गणवेशात, उरलेली राखीव यादीत. ‘सही केली होतीस ना?’ हा प्रश्न म्हणून बिनतोड वाटतो. पण करार दोन बाजूंचा असतो तो दोघांनाही बांधतो म्हणून. इथे शिपायाने मुदत मोडली तर तुरुंग आणि सरकारने मोडली तर बारीक अक्षरातले कलम. शिवाय त्या कलमातले ‘युद्ध’ आणि इराकचे युद्ध यांत फरक होता. संसदेने तिथे बळ वापरायला परवानगी दिली होती, युद्धाची घोषणा केली नव्हती. देशाच्या रोजच्या जगण्यात काहीच थांबले नव्हते. उलट त्या काळात कर कमी झाले. २००४च्या निवडणुकीत जॉन केरी यांनी याला मागच्या दाराने आणलेली सक्तीची भरती म्हटले, ते अर्धेच खरे. सक्तीच्या भरतीत निदान चिठ्ठी कोणाच्याही घरी निघू शकते. इथे ती आधीच स्वखुशीने गेलेल्याच्याच नावाने पुन्हा निघत होती. तुकडी एकसंध ठेवायची हा हेतू खोटा नव्हता, पण त्यासाठी लष्कर मोठे करता आले असते, वाढीव महिन्यांचा मोबदला पहिल्या दिवसापासून देता आला असता. मोबदल्याचा कायदा व्हायला सात-आठ वर्षे लागली. मार्च २००९ मध्ये हे धोरण गुंडाळण्याची घोषणा करताना संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनीच, एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे करणे म्हणजे सैनिकांचा विश्वास मोडणे आहे अशा अर्थाचे शब्द वापरले. आधीची अनेक वर्षे हेच बोलणाऱ्या शिपायाला कुरकुऱ्या ठरवले जात होते.

आता परतण्याकडे. २००८ साली रँड या संस्थेने इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. गेलेल्या १६ लाख ४० हजारांपैकी सुमारे तीन लाखांना आघातोत्तर तणाव किंवा तीव्र नैराश्य असल्याचा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षी लष्कराच्या स्वतःच्या मानसिक आरोग्य पथकाने इराकमधल्या हवालदार-नाईक दर्जाच्या सैनिकांबद्दल सांगितले की पहिल्या खेपेला त्यांच्यातल्या सुमारे १२ टक्क्यांना, दुसऱ्या खेपेला साडेअठरा टक्क्यांना आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला २७ टक्क्यांना मानसिक त्रास दिसतो. यावर म्हणता येईल की हे आकडे खेपांचे आहेत, मुदतवाढीचे नव्हेत. जास्त खेपा म्हणजे जास्त लढाई, आणि जास्त लढाई म्हणजे जास्त त्रास, इतके ते सरळ आहे. हे मी मान्य करतो. पण त्याच माणसांना तिसऱ्या-चौथ्या खेपेला का जावे लागले, हा प्रश्न त्याने मिटत नाही. जाणारी माणसे थोडी होती आणि न जाणारा देश मोठा होता. शिवाय आकड्यांनी लक्षणे मोजली जातात, आणि लक्षणे बरी करणारे डॉक्टर काय ऐकतात ते वेगळे. बोस्टनमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४च्या ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ या ग्रंथात दाखवले की त्यांच्या रुग्णांच्या कथांचा आरंभ फार वेळा आपल्याच वरिष्ठाने, ऐन कसोटीच्या वेळी, न्याय्य ते मोडल्यापासून होतो. होमरचा अकिलीसही ट्रोजनांवर नव्हे, ॲगमेम्नॉनवर रुसून बसला होता. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर झोप येईल. त्याचा राग मात्र आजारात मोडत नाही, कारण तो चुकीचा नाही. त्याला रुग्ण ठरवले की सरकारच्या बाजूचा हिशेब आपोआप मिटतो, म्हणून आपल्या सहानुभूतीचाही संशय घ्यायला हवा असे मला वाटते.

भरपाई झालीच नाही असे नाही. जून २००९च्या कायद्याने, अडकवून ठेवलेल्या प्रत्येक महिन्यामागे ५०० डॉलर मागील तारखेपासून द्यायचे ठरले. सर्व दले मिळून पात्र ठरणारे सुमारे १ लाख ४५ हजार, तरतूद ५३ कोटींहून अधिक डॉलरची. अर्जाची मुदत ऑक्टोबर २०१० मध्ये संपायची होती, पण अर्ज इतके कमी आले की ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. ज्यांचे पत्ते बदलले, संसार मोडले, ज्यांना सरकारी लखोटाच उघडायचा नव्हता, अशांना शोधत संरक्षण खाते पत्रके काढत होते. या वेळच्या मुदतवाढीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

या साऱ्या विवेचनाची खरी परीक्षा आज युक्रेनमध्ये आहे. अमेरिकेला इराकमध्ये जाणे भाग नव्हते. युक्रेनच्या घरात शत्रू शिरलेला आहे. रशियाने २१ सप्टेंबर २०२२च्या फर्मानाने तीन लाख लोक उचलले आणि सगळ्यांचे करार बेमुदत केले. क्रेमलिनजवळच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीवर पांढरे रुमाल बांधून फुले वाहणाऱ्या त्यांच्या बायकांच्या चळवळीला पुढे ‘परकी हस्तक’ ठरवले. तिथे वाद करण्यासारखे काही नाही. युक्रेनमध्ये मात्र आहे. ३६ महिन्यांनंतर सुटका देणारे कलम नव्या भरती कायद्याच्या मसुद्यात होते. ११ एप्रिल २०२४ रोजी कायदा मंजूर होताना लष्कराच्या आग्रहावरून ते काढले गेले. खंदकातला माणूस सोडला तर त्याच्या जागी कोण, हा सेनापतींचा प्रश्न प्रामाणिक होता. तारीख देता येत नसेल तर निदान क्रम देता येतो, हे १९४५च्या गुणांनी दाखवले आहे. पण क्रम देण्यासाठीही मागे रांग लागते. २०२३च्या शरद ऋतूपासून कीवच्या चौकात उभ्या राहिलेल्या बायकांनी नेमके याच जागी बोट ठेवले. युद्ध थांबवा असे त्यांच्या फलकांवर नव्हते. आमच्या माणसांनी आपली पाळी भरली, आता दुसऱ्यांनी यावे, असे होते. त्याला होकार द्यायचा तर सरकारला दुसऱ्या घरांची दारे ठोठवावी लागतात, आणि सक्तीच्या भरतीचे वय २७ वरून २५ वर आणायला संसदेच्या मंजुरीनंतरही राष्ट्राध्यक्षांची सही व्हायला दहा महिन्यांहून अधिक काळ गेला होता.